भगंदराचं ऑपरेशन ठरवताना: नळी कुठून जाते आणि स्नायू किती वाचतो

शौचाच्या जागेजवळ एक पुळी येते. दोन-तीन दिवस ठणकते, बसता येत नाही, कधी ताप येतो. मग ती फुटते, पू वाहून जातो आणि एकदम आराम पडतो. महिना-दीड महिना बरा जातो. मग त्याच जागी पुन्हा टणक लागू लागतं, पुन्हा ठणका, पुन्हा पू. अँटिबायोटिकचा कोर्स होतो, मलम होतं, कुणीतरी सांगितलेला लेप होतो आणि आतल्या कपड्यांवर डाग पडतच राहतात. हे असं दोन-तीनदा झालं, तर बहुतेक वेळा ते भगंदर असतं. अवघड जागेचं दुखणं म्हणून लोक ते वर्षानुवर्षं अंगावर काढतात. नवरा बायकोला सांगत नाही, बायको नवऱ्याला सांगत नाही. आणि डॉक्टरकडे गेलंच, तर ‘मूळव्याध आहे’ एवढंच सांगून सुटका करून घेतात, तपासू देत नाहीत.

मोठ्या माणसाचं भगंदर औषधांनी जवळजवळ कधीच बरं होत नाही. तान्ह्या बाळांमधलं वेगळं, ते पुष्कळदा आपणहून भरतं. बाकीच्यांना आज ना उद्या शस्त्रक्रिया लागते. खरी अडचण त्यापुढे सुरू होते, कारण ऑपरेशन एक नाही. एक सर्जन म्हणतात उघडून टाकू, दुसरे म्हणतात दोरा घालू, तिसरीकडे लेझर, आयुर्वेद रुग्णालयात क्षारसूत्र, आणि रस्त्यावरच्या फलकावर ‘बिनटाक्याचं, बिनदुखीचं, एका दिवसात घरी’. पेशंट गोंधळतो आणि शेवटी पैशाकडे किंवा ओळखीकडे पाहून ठरवतो. खरं तर निवड ठरते ती नळी नेमकी कुठून जाते यावर. ते समजलं की वरच्या सगळ्या नावांचा अर्थ आपोआप लागतो.

आत काय झालेलं असतं

गुदमार्ग म्हणजे आतड्याचा अगदी शेवटचा, साधारण ३ ते ४ सेंटिमीटरचा भाग. त्याच्या आत, मधोमध एक दातेरी रेषा असते. तिच्यावर लहान लहान खळगे असतात आणि त्यांत बारीक ग्रंथींची तोंडं उघडतात. यातल्या काही ग्रंथी खोलवर, गुदद्वार आवळून धरणाऱ्या दोन स्नायूंच्या मधल्या फटीपर्यंत गेलेल्या असतात. एखाद्या ग्रंथीचं तोंड बंद झालं की आत जंतू वाढतात आणि त्या फटीत पू साठतो. साठलेला पू वाट काढतो. खाली सरकतो, किंवा बाहेरचा स्नायू भेदून कुल्ल्याच्या चरबीत शिरतो. तिथे गळू होतं. ते फुटतं किंवा डॉक्टर फोडतात. ढोबळमानाने अशा तिघांपैकी एकाची वाट पुढे बुजत नाही. आत गुदमार्गात एक तोंड, बाहेर कातडीवर दुसरं, आणि मध्ये नळी. हेच भगंदर. संसर्ग ग्रंथीपासून सुरू होतो, ही मांडणी लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलचे सर्जन ॲलन पार्क्स यांनी १९६१ साली पक्की केली आणि आजही बहुतेक भगंदरांना ती लागू पडते.

आतलं तोंड उघडं आहे तोवर मळातले जंतू नळीत उतरत राहणार. बाहेरच्या तोंडाला मलम लावून ते बंद होईलही, पण बांधावरचं उंदराचं बीळ एका बाजूने मातीने बुजवलं की दुसरीकडे तोंड निघतं, तसं इथे होतं. बाहेर दोन-तीन तोंडं असलेले, ‘चाळणी झाली’ म्हणणारे पेशंट असेच तयार होतात. म्हणून कुठलीही पद्धत असो, आतलं तोंड आणि स्नायूंमधला पू यांचा बंदोबस्त केला नसेल तर ती पद्धत टिकणार नाही.

दोन स्नायू आणि एक पेच

गुदद्वाराभोवती आतला स्नायू असतो तो आपल्या हुकमात नाही. झोपेतसुद्धा तो आवळलेला असतो आणि एरवीची बरीचशी घट्ट मिटलेली अवस्था त्याच्यामुळेच असते. त्याच्या बाहेरचा स्नायू आपल्या हुकमात असतो. घाई झाली आणि जागा नसली की आपण आवळून धरतो तो हा. दोघांच्या वर, गुदाशयाला, म्हणजे गुदमार्गाच्या लगेच वरच्या आतड्याला, मागून वळसा घालणारा तिसरा स्नायू आहे. तो कापला गेला तर शौचावरचा ताबा जातो, म्हणून त्याला हात लावायचा नसतो.

भगंदराची नळी या स्नायूंमधून जाते. नळी मुळापासून उघडावी तर तिच्या वर असलेला स्नायू कापावा लागतो. स्नायू जपावा तर नळीचा काही भाग मागे राहून रोग परतण्याची भीती. गेली शंभर-सव्वाशे वर्षं सर्जन मंडळी या पेचातून वाट काढताहेत आणि आजवर निघालेली प्रत्येक पद्धत या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते.

ताबा जाणं म्हणजे दरवेळी सगळं शौच निसटणं असं नाही. आधी वारा धरून ठेवता येत नाही. मग पातळ शौच झालं की डाग पडतो. मग घाई झाली की थांबताच येत नाही. एस. टी. त बसायची भीती वाटते, लग्नकार्यात जेवायची भीती वाटते. भगंदरातून रोज थोडा पू येणं आणि कायमचा ताबा जाणं यांतून निवडायचं झालं, तर मी पू येणं पत्करीन. हे मत टोकाचं वाटेल, पण ताबा गेलेल्या माणसाचं जगणं किती आक्रसतं ते पाहिल्यावर दुसरं मत होत नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. पुढच्या बाजूला, योनीमार्गाकडे, त्यांचा बाहेरचा स्नायू मुळात आखूड असतो. त्यात बाळंतपणात तो थोडाफार फाटलेला असू शकतो आणि ते कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. त्यामुळे बाईच्या पुढच्या बाजूचं भगंदर वरवरचं दिसलं तरी ते सरळ कापायचं नसतं.

नळीच्या वाटा

पार्क्स यांनीच दोन सहकाऱ्यांबरोबर १९७६ मध्ये ४०० पेशंटांच्या नळ्यांचा अभ्यास मांडला आणि त्यांचे चार प्रकार केले. जगभर आजही तेच वापरतात. पहिल्यात नळी दोन स्नायूंच्या मधूनच खाली उतरते. हा सगळ्यांत जास्त आढळणारा आणि सोपा. दुसऱ्यात ती बाहेरचा स्नायू भेदून जाते. इथे किती उंचीवर भेदते हे महत्त्वाचं: खालचा थोडासा भाग ओलांडला असेल तर सोपं, निम्म्याहून वर असेल तर अवघड. तिसऱ्यात नळी बाहेरच्या स्नायूच्या डोक्यावरून जाऊन पलीकडे उतरते. चौथ्यात ती गुदमार्ग सोडून थेट वर गुदाशयातून निघते, ही क्वचित. शिवाय कधी नळीला फाटे असतात, तर कधी ती घोड्याच्या नालासारखी मागून वळून दोन्ही बाजूंना पसरते.

बोटाने तपासून अनुभवी सर्जनला यातलं बरंच कळतं, पण सगळं नाही. म्हणून एमआरआय. नळीत औषध सोडून एक्स-रे काढण्याची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी चालते, पण तिच्यात स्नायू दिसतच नाहीत आणि आपल्याला नेमकं नळी व स्नायू यांचं नातं पाहायचं असतं. सेंट मार्क्समधून २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. पुन्हा उलटलेलं भगंदर असलेल्या ७१ जणांचा एमआरआय काढून तो सर्जनना दिला. जे सर्जन नेहमी एमआरआयप्रमाणे वागले त्यांच्या पेशंटांपैकी १६ टक्के जणांना रोग परत आला, ज्यांनी तो कधीच मनावर घेतला नाही त्यांच्या पेशंटांपैकी ५७ टक्के जणांना. चाकू तेच, हात तसेच, फरक फक्त आतला फाटा दिसण्याचा. अगदी वरवरच्या, बोटाला दोरीसारख्या लागणाऱ्या सरळ नळीला एमआरआय नसला तरी चालतं. पण दुसऱ्यांदा झालेलं, एकाहून जास्त तोंडं असलेलं, बायकांमधलं पुढचं किंवा खोल वाटणारं भगंदर एमआरआयशिवाय ऑपरेट करायला कुणी निघालं, तर थांबून विचारावं. जिथे सोय आहे तिथे गुदमार्गातून केलेली सोनोग्राफीही उपयोगी पडते.

गळू असताना घाई नको

लाल, टणक, ठणकणारं गळू असेल तर त्या दिवशीचं काम एकच: पू बाहेर काढणं. नुसत्या गोळ्यांवर ते जिरवत बसलं तर पू आत पसरतो. मधुमेह असलेल्यांनी तर रात्र काढू नये, त्यांच्यात हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. त्याच वेळी सळई घालून नळी शोधण्याचा अट्टहास मात्र नको. सुजलेल्या मऊ भागात सळई सहज नवी, खोटी वाट पाडते आणि सोपं भगंदर अवघड होऊन बसतं. आधी गळू शांत होऊ द्यावं, नळी पुढे राहिली तर मग तिचा विचार.

उघडून टाकणं

सर्वांत जुनी आणि योग्य पेशंटमध्ये आजही सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे फिस्टुलोटॉमी. कमरेतून भूल देतात. बाहेरच्या तोंडातून बारीक सळई घालून आतल्या तोंडातून बाहेर काढतात आणि सळईच्या वरचं सगळं कापून नळी आडवी उघडी करतात. तळ खरवडतात आणि जखम उघडी सोडतात. ती तळापासून वर भरत येते, बहुतेकांना महिना ते दोन महिने लागतात. नीट निवडलेल्या सोप्या भगंदरात दहापैकी नऊहून जास्त जण कायमचे बरे होतात. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यावर १८ नोव्हेंबर १६८६ रोजी व्हर्सायमध्ये झालेलं ऑपरेशन याच जातीचं होतं. त्याचे सर्जन फेलिक्स यांनी आधी कित्येक महिने गरीब पेशंटांवर हात बसवून घेतला आणि मग राजाला हात लावला. त्या गरिबांचं काय झालं, याची नोंद इतिहासाने तेवढ्या आस्थेने ठेवली नाही.

‘टाके का नाही घातले?’ हा नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न असतो आणि उघडी जखम पाहून घरचे हबकतात. ही जागा निर्जंतुक राहू शकत नाही. वरून टाके घालून कातडी बंद केली तर खाली पोकळी राहील, तिच्यात पू साठेल आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच. इथे जखम खालून वर भरायला हवी. कातडीला मात्र आधी मिटायची घाई असते, म्हणून ड्रेसिंगला जाणं चुकवायचं नाही. सर्जनचं बोट जखमेतून फिरतं तेव्हा दुखतं, पण अवेळी चिकटलेले काठ मोकळे होतात ते त्यामुळेच. ऑपरेशन चांगलं होऊनही रोग राहिला, अशा काही गोष्टींच्या मुळाशी बुडवलेली ड्रेसिंग असतात.

याच कुळातली फिस्टुलेक्टॉमी, म्हणजे नळी उघडण्याऐवजी अख्खी कोरून काढणं. नाव ऐकून ती जास्त मुळापासून वाटते, पण जखम मोठी होते, भरायला वेळ लागतो आणि रोग परतण्याच्या बाबतीत तिचा ठळक फायदा दिसलेला नाही. काही सर्जन नळी उघडून कापलेला स्नायू त्याच वेळी शिवून टाकतात. निवडक पेशंटमध्ये, सरावलेल्या हाती तो मार्ग चांगला आहे.

दोरा

खोल नळी एकदम कापता येत नाही तेव्हा तिच्यातून दोरा ओवतात. त्याला सेटन म्हणतात. घोड्याचा केस आणि धागा वळून नळीत ओवण्याचं वर्णन हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रीक लिखाणात आहे, इतकी ही जुनी युक्ती.

दोन गोष्टी इथे वेगळ्या ठेवायला हव्यात. सैल दोरा काही कापत नाही. रबरासारखी मऊ दोरी नळीत सैल बांधून ठेवतात, तिच्या कडेने पू निथळत राहतो, गळू पुन्हा होत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत नळी शांत होते. मग पुढचं, स्नायू वाचवणारं ऑपरेशन करतात. काही जण सैल दोरा वर्षानुवर्षं ठेवून उत्तम जगतात, तोही एक मान्य पर्याय आहे. घट्ट दोरा मात्र दर काही दिवसांनी आवळतात, तो स्नायू हळूहळू कापत उतरतो आणि मागे वण धरत जातो. कल्पना अशी की एका झटक्यात कापलेला स्नायू फाकतो, सावकाश कापलेला फाकत नाही. प्रत्यक्षात अशा पेशंटांपैकी बऱ्याच जणांचा ताबा कमी झालेला आढळला, म्हणून आधुनिक सर्जन तो पूर्वीइतका वापरत नाहीत.

आणि मग क्षारसूत्र. सुश्रुतसंहितेत भगंदराचे पाच प्रकार आहेत आणि क्षार लावलेल्या सूत्राचा उपायही. मधल्या काळात मागे पडलेली ही पद्धत १९६० च्या दशकात वाराणसीच्या काशी हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा उभी केली. सूत्र तयार करणं हेच एक कसबाचं काम आहे. लिननच्या दोऱ्यावर एकूण २१ लेप: आधी स्नुहीच्या, म्हणजे थोराच्या जातीच्या निवडुंगाच्या चिकाचे ११, मग चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे ७, शेवटी चीक आणि हळदीचे ३. गणपतीच्या पत्रीत असतो तोच हा आघाडा. प्रत्येक लेप वाळल्यावरच पुढचा. हे सूत्र नळीत ओवून बांधतात आणि दर आठवड्याला बदलतात. क्षार नळीचं आतलं अस्तर खरवडत जातो आणि दोरा आठवड्याला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर उतरतो. म्हणजे सहा सेंटिमीटरच्या नळीला दीड ते तीन महिने. बहुतेक पेशंट या काळात चालतात-फिरतात, कामावर जातात.

ही केवळ परंपरेची भलामण नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, देशातल्या अनेक केंद्रांत क्षारसूत्र आणि नेहमीची शस्त्रक्रिया यांची चिठ्ठ्या टाकून तुलना केली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जखम भरायला शस्त्रक्रियेत चार आठवडे लागले, क्षारसूत्रात आठ. पण रोग परतला शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के जणांत, क्षारसूत्रानंतर ४ टक्के जणांत. ॲलोपॅथीच्या ज्या डॉक्टरांनी क्षारसूत्राचं नाव ऐकताच मान फिरवली, त्यांनी हा अभ्यास वाचायला हवा.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. क्षारसूत्र शेवटी कापतंच. हळू कापतं, पण नळीवरचा स्नायू कापतं. त्यामुळे ‘आयुर्वेदिक आहे, ताबा जाणारच नाही’ हे खरं नाही. उंच नळीत क्षारसूत्र घालायलाही तेवढाच एमआरआय आणि तेवढीच तयारी हवी. शल्यतंत्रात एम. एस. केलेला वैद्य आणि फलक लावून बसलेला भोंदू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पदवी विचारायला लाजू नये. अवघड जागा म्हणून गुपचूप, आडवाटेच्या दवाखान्यात जाऊन कसलंतरी इंजेक्शन मारून घेतल्यावर जागा सडलेले पेशंट सरकारी रुग्णालयांत येतात, आणि मग सोपं असलेलं काहीच सोपं राहत नाही.

स्नायू न कापता

उंच नळीसाठी गेल्या काही दशकांत ज्या पद्धती आल्या, त्यांचा सगळा भर आतलं तोंड बंद करण्यावर आहे.

जुनी पद्धत फ्लॅपची. आतल्या तोंडाभोवतीचा भाग काढून, वरून आतड्याच्या अस्तराचा एक पदर सोडवून खाली ओढतात आणि तोंडावर शिवतात. साधारण दहापैकी सहा ते आठ जणांत यशस्वी होते. पदराचा रक्तपुरवठा टिकला पाहिजे, हे नाजूक काम आहे.

लिफ्ट नावाची पद्धत बँकॉकचे सर्जन अरुण रोजनसकुल यांनी २००७ मध्ये मांडली. मला ती तिच्या साधेपणामुळे आवडते. दोन स्नायूंच्या मधल्या फटीत बाहेरून शिरायचं, तिथे नळी पकडायची, दोन्ही बाजूंनी बांधायची आणि मधून तोडायची. एकही स्नायू कापला जात नाही, महागडं यंत्र लागत नाही. पहिल्या अहवालात यश नव्वद टक्क्यांच्या वर होतं, नंतर जगभरच्या अनुभवात ते साठ ते पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास स्थिरावलं. नव्या पद्धतींच्या बाबतीत हे नेहमी होतं, म्हणून पहिल्या आकड्यांवर भाळू नये. लिफ्ट फसली तरी पुष्कळदा उंच नळीची खालची, सोपी नळी झालेली असते आणि मग ती सरळ उघडता येते.

भारतातून आलेली एक पद्धत म्हणजे ट्रोपिस. पंचकुलाचे सर्जन डॉ. पंकज गर्ग यांनी २०१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. स्नायूंमधली फट गुदमार्गाच्या आतून उघडून टाकायची, म्हणजे तिथला पू कोंडून राहणार नाही. यात आतला स्नायू थोडा कापला जातो, बाहेरचा अजिबात नाही. उंच, नालाच्या आकाराच्या भगंदरात तिचे आकडे चांगले आलेत.

नळीत प्रथिनांचा गोंद भरणं किंवा प्लग घालणं यांत इजा जवळजवळ नाही, पण यश निम्म्या किंवा त्याहून कमी पेशंटांना मिळतं. प्रसिद्ध प्लग डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतो. ज्यांना धर्माने किंवा आहाराने ते चालत नाही, त्यांनी आधी विचारावं, कारण सांगायचं राहून जातं.

लेझरबद्दल थोडं सविस्तर

शहरातल्या रिक्षाच्या पाठीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत ‘लेझरने भगंदर’ दिसतं, म्हणून इथे थांबायला हवं. फिलॅक या पद्धतीत नळीत एक बारीक तंतू घालतात. तो सगळ्या बाजूंनी लेझरची उष्णता सोडतो, आणि तंतू सावकाश बाहेर ओढत आणताना नळीचं अस्तर करपून नळी आक्रसते. स्नायू वाचतो, जखम लहान, दुखणं कमी, लवकर घरी. हे सगळं खरं आहे. पण सरासरीने तिघांपैकी दोघांनाच गुण येतो, आणि आतलं तोंड शिवून बंद केलं तर निकाल सुधारण्याची शक्यता जास्त. रुंद, फाटे फुटलेल्या नळीत लेझरचा जोर पोचत नाही. इटलीच्या मेइनेरो यांची व्हाफ्ट पद्धत याच धर्तीची. नळीत दुर्बीण घालून आतून पाहायचं, फाटे शोधायचे, करपवायचे आणि आतलं तोंड बंद करायचं. दिसतं म्हणून ती चांगली, पण परत येण्याचा प्रश्न तिथेही आहे.

आणि एक गोष्ट जाहिरातीत नसते. लेझर हे हत्यार आहे. ते वापरून नळी आडवी उघडली, तर तीही फिस्टुलोटॉमीच. चाकूने कापलेला स्नायू आणि लेझरने कापलेला स्नायू सारखाच कापलेला असतो. म्हणून ‘लेझरने करणार’ हे उत्तर अपुरं आहे. लेझरने नक्की काय करणार, नळी करपवणार की उघडणार, आतल्या तोंडाचं काय करणार, हे विचारायला हवं. सोप्या, खालच्या नळीला दहापैकी नऊहून जास्त जणांना बरं करणारं साधं ऑपरेशन असताना तिथे दुप्पट-तिप्पट खर्चाचं लेझर विकणं मला अन्यायाचं वाटतं. उंच नळीत, स्नायू आधीच दुबळा असताना, तेच लेझर वाजवी पर्याय ठरतं.

ग्रंथीमुळे नसलेलं भगंदर

आपल्याकडे क्षय हे एक कारण लक्षात ठेवावंच लागतं. वारंवार उलटणारं, अनेक तोंडांचं भगंदर कधी टीबीचं निघतं. म्हणून नळीचा तुकडा तपासायला पाठवला का, हे ऑपरेशननंतर विचारावं आणि रिपोर्ट जपून ठेवावा. टीबी निघाला तर औषधांचा पूर्ण कोर्स हाच उपचार. फार वर्षांच्या नळीत क्वचित कर्करोगही होतो, तोही याच तपासणीत सापडतो.

दुसरा आजार क्रोन्स, आतड्याची दीर्घकाळची दाहाची व्याधी. सोबत जुलाब, पोटदुखी, वजन घटणं असेल तर दुर्बिणीने आतड्याची तपासणी हवी. इथे स्नायू कापणं फार जपून. सैल दोरा आणि इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधं यांवर भर असतो. या पेशंटांसाठी मूळपेशींचं, म्हणजे स्टेम सेलचं, एक औषध युरोपात २०१८ मध्ये मंजूर झालं होतं. नंतरच्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा सिद्ध झाला नाही आणि २०२४ मध्ये ते बाजारातून मागे घेतलं गेलं. स्टेम सेलने भगंदर बरं करतो असं कुणी सांगितलं, तर हे आठवावं.

सर्जनसमोर बसल्यावर

लाज बाजूला ठेवून आधी स्वतःबद्दल सांगावं: वारा किंवा पातळ शौच आत्ताच कधी निसटतं का, बाळंतपण किती, चिमटा लावून किंवा टाके पडून झालं का, या जागी आधी काही ऑपरेशन झालंय का, मधुमेह आहे का, तंबाखू-सिगरेट आहे का. यातल्या प्रत्येक उत्तराने पद्धत बदलू शकते. मग विचारावं: माझी नळी किती स्नायू ओलांडते? तुम्ही किती कापणार? आतल्या तोंडाचं काय करणार? हे फसलं तर पुढचं पाऊल कोणतं? चांगला सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही, कागदावर चित्र काढून दाखवतो. आणि ‘शंभर टक्के गॅरंटी’ देत नाही. मेडिक्लेम असेल तर भगंदरासाठी सुरुवातीच्या वर्षांचा प्रतीक्षाकाळ पॉलिसीत आहे का, तेही तारीख ठरवण्याआधी पाहून घ्यावं.

ऑपरेशननंतरचं काम घरचं आहे. कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा आणि प्रत्येक शौचानंतर दहा-पंधरा मिनिटं बसायचं. पाण्यात डेटॉल वगैरे नको, साधं पाणी पुरतं. शौच मऊ राहिलं पाहिजे: पाणी, भाजी, फळं आणि रात्री इसबगोल. जुलाब होतील इतकं रेचक मात्र नको. वेदनाशामक गोळी दुखण्याची वाट न पाहता सांगितलेल्या वेळी घ्यायची. थोडं रक्त, थोडा स्राव काही आठवडे येतो, तो रोग परतल्याची खूण नाही. ताप, वाढता ठणका, लघवी अडणं किंवा थांबत नसलेलं रक्त असेल तर मात्र लगेच जायचं.

तीन महिने उलटूनही पू येत असेल, तर दुसऱ्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी पुन्हा एमआरआय करावा. नव्या सर्जनकडे जाताना पहिल्या एमआरआयची सीडी, तपासलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आणि ‘काय केलं, किती स्नायू कापला’ हे लिहिलेली ऑपरेशन नोट, तिन्ही सोबत न्यावं. डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा नुसतं ऑपरेशनचं नाव असतं. सविस्तर नोट मागावी लागते, आणि ती मागण्याचा पेशंटला हक्क आहे.